नाव, चित्र आणि गंध : मुलांच्या स्वस्त सुगंधी पाण्याचा इतिहास

१

सुगंधी द्रव्यांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा राजदरबार, देवालये आणि श्रीमंतांची शृंगारगृहे यांच्याभोवतीच फिरत असतात. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी, वेष्टनावर एखाद्या चित्रपटातील राजकन्येचे किंवा वीराचे चित्र मिरविणारी मुलांची स्वस्त कुपी त्यांच्या दृष्टीने विचारास अपात्र ठरते. वस्तुतः भाषेच्या आणि समाजेतिहासाच्या अभ्यासकाला या कुपीइतकी बोलकी वस्तू क्वचितच सापडेल. चित्रपटातील पात्र ही पाहण्याची आणि ऐकण्याची गोष्ट आहे. त्याला गंध नसतो. असे असूनही त्या पात्राच्या नावाने गंध विकला जातो, मुले तो आवडीने अंगाला लावतात आणि काही दिवसांनी तो त्या पात्राचाच गंध आहे असे मनापासून मानू लागतात. नाव आणि गंध यांची ही सांगड कशी पडली, आणि ती पडल्यामुळे मुलाच्या पदरात काय पडते व काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम नावांचा विचार करू. सुगंधी द्रव्यांची जुनी नावे जवळजवळ सर्वत्र द्रव्यवाचक आहेत. गुलाबाचे पाणी, वाळ्याचे अत्तर, मोगऱ्याचे तेल, या सर्व ठिकाणी षष्ठीचा प्रत्यय गंधाचे मूळ सांगतो. ज्याला गंध कळतो त्याला नावही कळते, आणि नाव ऐकणाऱ्याला गंधाची पूर्वसूचना मिळते.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का अठराव्या शतकात बसला. इटलीतून जर्मनीत येऊन राहिलेल्या फारिना घराण्याने १७०९ मध्ये कोलोन शहरात आपली पेढी काढली. लिंबूवर्गीय फळांच्या तेलांनी युक्त असे त्यांचे सुगंधी पाणी पुढे ‘कोलोनचे पाणी’ म्हणून युरोपभर गाजले. षष्ठी तीच राहिली, पण तिचा अर्थ पालटला. ती आता द्रव्य न सांगता स्थळ सांगू लागली. या वर्गातील पाणी त्या काळी औषध म्हणून पोटातही घेतले जाई. १८१० मध्ये नेपोलियनने गुप्त औषधांच्या कृती उघड करण्याचा हुकूम काढल्यावर उत्पादकांना ते केवळ सुगंधी पाणी म्हणून विकणे सोयीचे झाले. औषधीपणाची ती जुनी आठवण आपल्याकडेही पोहोचली होती. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर ‘कोलनवॉटर’च्या घड्या ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निराळे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाव आणि द्रव्य यांची आणखी फारकत झाली. उबिगाँ या फ्रेंच पेढीने १८८२ मध्ये काढलेल्या ‘फुजेर रोयाल’ या अत्तराच्या नावाचा अर्थ ‘राजस नेचा’ असा आहे. आणि नेच्याला तर नाव घेण्याजोगा गंधच नसतो. गेर्लेन पेढीचे १८८९ मधील ‘जिकी’ हे तर सरळसरळ व्यक्तीचे लाडके नाव. येथपासून अत्तराचे नाव द्रव्याचा पुरावा देण्याच्या जबाबदारीतून मुक्त झाले. पुढे मुलांच्या कुपीवर चित्रपटातील पात्राचे नाव आले, तेव्हा त्यासाठी वाट आधीच तयार झालेली होती.

३

नाव मोकळे झाले, तसे द्रव्य स्वस्त झाले. विल्यम पर्किन याने १८६८ मध्ये कुमारिन हे गंधद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलीन, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतील मुख्य गंधतत्त्व, कृत्रिम रीतीने सिद्ध केले आणि होल्त्समिंडेन येथे त्याचा कारखाना निघाला. मुलांच्या आजच्या कुप्यांत जो गोडसर, दुधाळ गंध पुन्हा पुन्हा भेटतो, त्याची वंशावळ येथे सुरू होते.

परंतु या वंशावळीत आणखी एक नाव घालणे अगत्याचे आहे. व्हॅनिलाचा वेल मूळचा मेक्सिकोकडचा. हिंदी महासागरातील रेयुन्याँ बेटावर तो लावला गेला, वाढला, फुललाही. पण त्याला शेंगा धरत ना, कारण तेथे त्याचे नैसर्गिक परागीभवन करणारे कीटक नव्हते. १८४१ मध्ये एदमों नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधून काढली. या युक्तीने व्हॅनिलाची लागवड जगभर पसरली. आजही ती बहुतांशी याच पद्धतीने होते. एदमोंला तेव्हा आडनावसुद्धा नव्हते. १८४८ मध्ये गुलामगिरी रद्द झाल्यावर त्याला ‘आल्बियुस’ हे आडनाव मिळाले, आणि १८८० मध्ये तो दारिद्र्यात मरण पावला. मुलांच्या कुप्यांवर कितीतरी नावे येऊन गेली. ज्या मुलाच्या बोटांनी हा गंध जगाला सुलभ केला, त्याचे नाव मात्र त्या कुप्या वापरणाऱ्या मुलांच्या कानी सहसा पडत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वस्त कुपीतील द्रव्ये हलकी आणि महागड्या अत्तरातील उच्च, असा भेद सरसकट करता येत नाही. वर उल्लेखिलेल्या ‘जिकी’मध्ये कुमारिन आणि व्हॅनिलीन दोन्ही होती. ‘म्हातारीच्या केसां’ची आठवण करून देणारे एथिल माल्टोल हे द्रव्य आधी खाद्यपदार्थांच्या धंद्यातले, पण १९९२ मध्ये म्यूग्लर यांच्या ‘एंजल’ या प्रौढांच्या महाग अत्तरात त्याचा भरपूर वापर झाला आणि मिठाईचा वास प्रतिष्ठित झाला. महाग आणि स्वस्त यांतील भेद मिश्रणाचे कौशल्य, घटकांची संख्या आणि गंधाचा टिकाऊपणा यांत शोधावा लागतो. मूळ द्रव्ये पुष्कळदा एकाच कुळातील असतात.

४

आता पात्रांकडे वळू. पुस्तकातील पात्र वस्तूवर उतरविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. बीट्रिक्स पॉटर या लेखिकेने आपल्या पीटर रॅबिटच्या बाहुलीची नोंदणी १९०३ मध्येच करून घेतली होती. मिकी माउस १९२८ मध्ये पडद्यावर आला आणि १९३२ पासून के केमन याने त्याच्या चित्राचे परवाने देण्याचा धंदा पद्धतशीरपणे उभारला. घड्याळापासून साबणापर्यंत सर्व वस्तूंवर मिकी दिसू लागला.

प्रसाधनांच्या क्षेत्रात सर्वांत उद्बोधक उदाहरण टिंकर बेलचे आहे. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या १९०४ च्या नाटकात ही परी रंगभूमीवर अवतरली, तेव्हा तिला देह नव्हता. इकडून तिकडे उडणारा प्रकाशाचा ठिपका हे तिचे रूप आणि घंटांचा किणकिणाट ही तिची वाणी. तिच्या नावातला ‘टिंकर’ हा शब्द भांडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा वाचक आहे. ती परीलोकातील भांडी सांधते म्हणून तिचे हे नाव. आपल्याकडे तिला ‘कल्हईवाली’ म्हटले असते. डिस्नेच्या १९५३ च्या चित्रपटाने या प्रकाशाच्या ठिपक्याला सुंदर देह दिला. आणि त्याच काळाच्या आसपास अमेरिकेत ‘टिंकरबेल’ या नावाने लहान मुलींची सुगंधी पाणी, पावडरी आदी प्रसाधने लोकप्रिय झाली. नाव जर खरोखर बोलू दिले असते, तर त्या कुपीला तापलेल्या कथिलाचा आणि नवसागराच्या धुराचा वास यावयास हवा होता! पण नावातील अर्थ केव्हाच विझला होता, चित्र तेवढे उरले होते, आणि चित्राला कोणताही गंध चालतो. सोस्यूरने ज्याला चिन्हाची यादृच्छिकता म्हटले, तिचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात देण्यास मिळणे कठीण.

१९६० नंतरच्या दशकात कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या ‘सोकी’ या फेसाळ स्नानद्रव्याच्या बाटल्या पात्रांच्या आकृतींच्या असत. एव्हॉन कंपनीनेही स्नूपीच्या आकाराची पात्रे काढली. येथे आतील द्रव्य संपल्यावर बाटली खेळणे म्हणून शिल्लक राही. किंबहुना खेळणे मिळावे म्हणून द्रव्य संपविले जाई.

याच्या उलट प्रयत्न १९८० च्या सुमारास झाला. एका शुभेच्छापत्रांच्या कंपनीने निर्माण केलेल्या ‘स्ट्रॉबेरी शॉर्टकेक’ या पात्रमालेतील बाहुल्यांच्या केसांना वास दिलेला असे. स्ट्रॉबेरीच्या बाहुलीला स्ट्रॉबेरीचा, लिंबाच्या मिठाईवरून नाव मिळालेलीला लिंबाचा. येथे आधी गंध आणि मग पात्र असा क्रम आहे. नाव पुन्हा द्रव्यवाचक झाले. मुलाला नाक लावून नाव पडताळून पाहता येई. पुढच्या काळात मात्र टिंकर बेलचीच रीत बलवत्तर ठरली. चित्रपट आला की त्यातील पात्रांची सुगंधी पाणी बाजारात यावयाची, आणि नवा चित्रपट आला की चित्र बदलावयाचे, असा शिरस्ता पडला. स्पेनमध्ये तर लहान मुलांना आंघोळीनंतर कोलोन लावण्याची जुनी घरगुती चाल असल्याने, या नव्या मालाला तेथे तयार गिऱ्हाईक होते आणि बार्सिलोना हे त्याच्या उत्पादनाचे एक केंद्र बनले.

५

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत परदेशातून आलेल्या एका नातलगांनी अशा तीन कुप्या घरी आणल्या. एकीवर हिमराणी, दुसरीवर कोळ्याचा वेष घेतलेला वीर आणि तिसरीवर एक मांजर. प्रस्तुत लेखकाने आठ वर्षांच्या भाचीला आणि सहा वर्षांच्या पुतण्याला त्या हुंगावयास दिल्या. याला प्रयोग हे नाव देण्याचे धाडस करवत नाही. निरीक्षण म्हणून ते नमूद करतो.

कुपी समोर असताना भाची म्हणाली, “मामा, हा राणीचा वास आहे. थंड थंड आहे.” पुतण्याने वीराच्या कुपीचा वास ‘जोरात येणारा’ ठरविला. दुसऱ्या दिवशी तीच पाणी टीपकागदाच्या कोऱ्या पट्ट्यांवर टाकून दिली. आता राणीचा वास ‘गरम केकचा’ झाला आणि वीराचा ‘सुगंधी खोडरबराचा’. राणी आणि मांजर यांच्या पट्ट्या दोघांनाही वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. तिसऱ्या वेळी मलाही त्या आल्या नाहीत. चित्र दिसत असताना मुले चित्राचे वर्णन करीत होती. चित्र हलताच त्यांनी गंधाचे मूळ शोधावयास आरंभ केला, आणि ते पुष्कळसे बरोबर शोधले.

येथेच लेख संपविता आला असता, आणि पात्रनाम ही निव्वळ फसवणूक आहे असा निष्कर्षही काढता आला असता. पण श्रावणात एके दिवशी व्हॅनिलाच्या आइस्क्रीमचा पहिला चमचा तोंडात घालताच भाची थांबली आणि म्हणाली, “मामा, ह्याला राणीचा वास येतोय.” तिच्यापुरती ती षष्ठी आता खरी झाली होती. गंधाची आवड आणि ओळख अनुभवाने किती लवकर घडते, यासंबंधी पुरावा उपलब्ध आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, तान्हेपणी व्हॅनिलायुक्त बाटलीचे दूध प्यालेल्या प्रौढांपैकी बहुसंख्यांनी किंचित व्हॅनिलीन मिसळलेली टोमॅटोची चटणी पसंत केली. आईच्या दुधावर वाढलेल्यांचा कल मात्र साध्या चटणीकडे होता. बालपणी जडलेली जोडी अशी दीर्घकाळ टिकते. म्हणूनच ती कोणाच्या हातून जुळते, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

६

त्वचेच्या दृष्टीने युरोपातील कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. २००९ च्या खेळण्यांविषयीच्या निर्देशाने ५५ गंधद्रव्यांना खेळण्यांत मज्जाव केला. लिलिअल हे पुष्कळ वापरातले द्रव्य १ मार्च २०२२ पासून प्रसाधनांतूनही वर्ज्य झाले. पालकांनी वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी, हे त्यावरून उघड आहे.

भाषेच्या दृष्टीने मात्र दखल आपणच घ्यावयाची आहे. मलाया द्वीपकल्पातील जहाई लोकांच्या भाषेत गंधासाठी स्वतंत्र शब्दांचा समृद्ध संच असून ते गंधाचे नाव रंगाच्या नावाइतक्याच सहजतेने सांगतात, असे माजिद आणि बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखविले. इंग्रजी भाषकांना तसे साधले नाही. मराठीही या बाबतीत अगदीच दरिद्री नाही. खमंग, कुबट, खवट, आंबूस, करपट, उग्र हे शब्द कोणत्याही एका वस्तूचे मिंधे नाहीत. दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा यांतून गंधाचे बळ आणि त्याची चाल कळते. माझ्या घरच्या दोन मुलांनी तीन कुप्या हुंगताना यांपैकी एकही शब्द उच्चारला नाही. हे दोन मुलांपुरते आहे की व्यापक, हे पाहण्याजोगे आहे. आणि विभागातील विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या बोलींतील मुलांकडून गंधवाचक शब्द गोळा केल्यास ते समजू शकेल.

कुपी हिरावून घेण्याचे कारण नाही. मुलाला राणी आवडते, तिचा वास अंगाला यावा असे वाटते, आणि थोड्या पैशांत ते साधते, यात गैर काहीच नाही. फक्त झाकण उघडल्यावर मोठ्या माणसाने आणखी एक षष्ठी मुलाला द्यावी : हा व्हॅनिलाचा वास, व्हॅनिला एका वेलाची शेंग, आणि ती शेंग धरविण्याची युक्ती तुझ्याहून थोड्याच मोठ्या असलेल्या एदमों नावाच्या मुलाची. भाचीला मी हे सांगितले, तेव्हा तिने कुपी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “मग त्याचं चित्र कुठे आहे?” या प्रश्नाला त्या कुपीत उत्तर नव्हते.