ग्राफाइटचं आम्ल आणि दीडशे वर्षांचा वळसा

द्रवस्फटिक म्हटलं की आपल्याला कॅल्क्युलेटरची काच नाहीतर एलसीडी टीव्ही आठवतो. द्रव असूनही आतले रेणू शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे एकाच दिशेला तोंड करून! १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख रायनित्सर यांना गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेल्या एका संयुगात हा प्रकार दिसला. ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ व्हायचं आणि १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ. ही गोष्ट पुस्तकांतून येते. मला आज तिची चुलत बहीण सांगायची आहे, जिच्यावर सध्या माझं पोट चालतं.

ती सुरू होते रायनित्सरच्याही आधी, १८५९ साली, इथे इंग्लंडात. ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेंजामिन ब्रॉडी यांना ग्राफाइटचा (म्हणजे आपल्या पेन्सिलीतल्या शिशाचा) अणुभार काढायचा होता. ग्राफाइटमध्ये पोटॅशियम क्लोरेट आणि तीव्र नायट्रिक आम्ल घालून तीन-चार दिवस साठ अंशांवर ठेवायचं, धुवायचं, वाळवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. (घरी करू नका, स्फोट होतो!) शेवटी हाती आले पातळ, फिकट पिवळे स्फटिक. ते शुद्ध पाण्यात पसरत, आम्लारीच्या पाण्यातही पसरत, पण आम्लाच्या पाण्यात मात्र नाही. म्हणून ब्रॉडींनी नाव ठेवलं 'ग्राफिक आम्ल'. ग्राफाइटमधला कार्बन म्हणजे ३३ अणुभाराचा 'ग्राफॉन' हा त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. निरीक्षण मात्र टिकलं.

पुढचा धागा वेगळ्याच लोकांच्या हातात होता. १९३८ साली अमेरिकेत अर्विंग लॅंगम्यूर यांनी बेन्टोनाइट मातीचं पाणी ठेवून दिलं, तर त्याचे दोन थर झाले. एकमेकांशी काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझरमधून पाहिलं की खालचा थर उजळे आणि वरचा काळाच राही. १९४९ साली लार्स ऑनसागर यांनी गणित मांडलं: कण पुरेसे लांबट किंवा चपटे असले तर नुसत्या गर्दीनेच ते शिस्तीत येतात. डब्यात चार पापड कसेही पडतात, शंभर भरायचे तर रचावेच लागतात, तसंच.

१९५८ साली हमर्स आणि ऑफमन यांनी पोटॅशियम परमॅंगनेट वापरून ब्रॉडींचं काम काही तासांवर आणलं. २००४ साली मॅंचेस्टरला ग्राफीन सुटं झालं आणि या जुन्या आम्लाला 'ग्राफीन ऑक्साइड' या नव्या नावाने भाव आला. जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, रुंदी त्याच्या हजारो पट. असला पापड ऑनसागरनाही स्वप्नात दिसला नसेल! शेवटी २०११ मध्ये दक्षिण कोरियात आणि चीनमध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की पाण्याच्या हजार भागांत याचा एखादा भाग असला तरी द्रवस्फटिक बनतो. चीनमधल्या गटाने तर त्यातून मीटरभर लांबीचे धागेही ओढले.

आता आम्लाकडे येऊ. या पापडांवर कार्बॉक्झिल गट असतात. पाण्यात ते आपला प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात, आणि पापड एकमेकांना दूर ढकलतात. आम्ल वाढवलं की प्रोटॉन परत येऊन बसतो, भार जातो, पापड चिकटतात आणि गुठळ्या होतात. मग कॉस्टिक सोडा ओतत राहायचा का? तेही नाही. थोड्याने भार वाढतो, पण जास्त झाला की सोडियमचे आयन गर्दी करून तोच भार झाकून टाकतात. २०१२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कोंकेना आणि वासुदेवन यांनी हे प्रोटॉन कोणत्या पीएचला सुटतात ते मोजलं: ४.३, ६.६ आणि ९.८. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातून कळलं की ही आम्लता नुसती धुवायची राहिलेली घाण नव्हे. ग्राफीन ऑक्साइड स्वतः पाण्याशी हळूहळू क्रिया करून ती तयार करत असतं.

आमच्या लॅबमध्ये एकाच घाणीतल्या दोन बाटल्या मी शेजारी ठेवल्या आणि एकीत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. पोलरायझरमध्ये एक रेशमी पैठणीसारखी चमकत होती. दुसरीत चहा नासल्यासारखा चोथा तळाशी. ग्रॅम तेवढेच, पाणी तेवढंच!

आणि तरी मला वाचायला मिळणाऱ्या कितीतरी शोधनिबंधांत लिटरला किती ग्रॅम ते असतं, पीएच नसतो. मग पुण्यात किंवा मुंबईत कुणी एमएससीचा विद्यार्थी तीच कृती करतो, त्याच्या गुठळ्या होतात, आणि सहा महिने गेल्यावर त्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. त्याला जमत असतं हो, कृतीतच ओळ गाळलेली असते. ब्रॉडींनी तर ती ओळ पदार्थाच्या नावातच लिहून ठेवली होती. आपण नाव बदललं आणि ती विसरलो.

असो. तुमच्यापैकी कुणी या विषयात काम करत असेल तर एवढंच करा: बाटलीवर तारीख घाला, शेजारी पीएच लिहा, आणि महिन्याने पुन्हा मोजा. पीएच मीटर तर आपल्या कॉलेजांतही असतो.