कुर्ल्याची गाडी

आमच्या घराण्याचा इतिहास सनावळीनं सांगायची पद्धत नाही. ‘दुक्कर फियाट होती तेव्हा’, ‘डिलाइट आली त्या वर्षी’ आणि ‘पद्मिनी विकल्यानंतर’ असे तीन कालखंड आहेत. लग्नं, बाळंतपणं, बदल्या, भाऊबंदकी, सगळं त्यातच कुठंतरी बसवलेलं असतं.

दुक्कर फियाट म्हणजे १९५४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडू लागलेली फियाट ११००. तिचं फुगीर नाकाड पाहून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आजोबा साताऱ्याचे डॉक्टर. त्यांनी ती सेकंडहँड घेतली. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटं उघडायचं. आजीला ते फार पसंत. नऊवारीत आधी सीटवर टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. बायकांचा विचार करून बनवलेली एवढी एकच गाडी, असं ती म्हणे. आत्या मात्र सांगते की ते दार चालत्या गाडीत निसटलं तर वाऱ्यानं सताड उघडेल या भीतीनं पुण्यापर्यंत तिला हँडल धरून बसवत. दोघींचं खरं असणार.

कारखान्याची कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. माणूस मूळचा सोलापूरचा, त्यामुळे आजोबा त्यांचं नाव जवळच्या नातेवाइकासारखं घेत. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. मग १९५३ मध्ये सरकारनं कंपन्यांना बजावलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवायची. १९२८ पासून शिवडीला शेवरलेट जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. उरल्या त्यातल्या ठळक तीन: कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. मग रांगा लागल्या. थोरल्या काकांनी फियाटच्याच डिलाइटसाठी नंबर लावला तेव्हा ते ब्रह्मचारी होते; गाडी दारात आली तेव्हा माझी चुलतबहीण काकूच्या कडेवर होती.

काकांच्या गोष्टी बहुतेक घाटातल्या. मुंबईहून परतताना खोपोलीला रेडिएटर बघायचा, पाण्याचा डबा भरून घ्यायचा, बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाशी नाणं टाकायचं आणि मगच पुढं. घाटाची वाट दाखवणारा हा धनगर. इंग्रजांनी बक्षीस विचारलं तर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली, अशी कथा. काका ती दर खेपेला सांगत, आणि नेमक्या त्याच सुमाराला गाडी आचके देऊ लागे.

चूक शिंगरोबाची नव्हती. दुसऱ्या गिअरवर रखडत चढताना इंजिन तापतं, त्या धगीनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती पुढं ढकलता येत नाही. काका बॉनेट उघडत, आत्याचा पंचा पाण्यात बुडवून पंपाला गुंडाळत, आणि मग सगळ्यांनी कठड्यावर बसून दशम्या खायच्या. पंचा वाळायच्या आत गाडी सुरू झाली पाहिजे, हा त्यांचा नेम. रॅलीत चकाकणाऱ्या जुन्या गाड्या पाहून मला आनंद होतो, नाही असं नाही. पण ज्यांच्या बॉनेटखाली कुणी कधी ओला पंचा टाकलेला नाही, त्यांच्याविषयी फारशी आपुलकी वाटत नाही.

आता माझ्याकडे एक डिलाइट आहे. काकांची नव्हे, ती कुठल्या कुठं गेली. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगला. लोक विचारतात, पार्ट मिळतात का? इथेच गंमत आहे. डिलाइट १९६४ ची, पद्मिनी हे नाव १९७४ चं, पण इंजिन तेच १०८९ सीसीचं आणि सांगाडाही जवळपास तोच. स्पर्धा नाही, म्हणून बदल नाही. वडीलधारे याच गोष्टीवर आयुष्यभर चडफडले: जग पुढं गेलं आणि आम्ही तेच डबडं चालवतोय. त्यांच्या त्या वैतागावर आज माझी हौस चालते. पद्मिनीचे पुष्कळ भाग डिलाइटला बसतात, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे ते वर्षानुवर्षं बाजारात राहिले. मी ते आणायला जातो कुठं, तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात. गाडी जिथं जन्मली तिथंच तिची हाडंही विकायला आहेत.

हे फार दिवस टिकणार नाही. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक आटलं की दुकानदार माल कशाला ठेवील? आताच दारांची रबरं शोधताना दुकानदार ‘बघतो’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ ठरलेला असतो.

दुसरा प्रश्न नंबरप्लेटचा. २०२१ च्या नियमानं पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. पण मग ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. हा नियम मी काकांना वाचून दाखवला. ते शेजारच्या सीटवर होते आणि माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवत होते.

“म्हणजे मंडईत न्यायची नाही?”

“नाही.”

“साताऱ्याला?”

“रॅली असली तर.”

“मग तू नेहमीचंच पासिंग ठेव,” ते म्हणाले, “आणि क्लच पूर्ण दाब.”