मूत्राशय व अष्ठीला ग्रंथी यांच्या अर्बुदांवरील शस्त्रक्रिया

मूत्राशय व त्याच्या तळाशी असलेली अष्ठीला किंवा प्रोस्टेट ग्रंथी यांच्या अर्बुदांवरील आधुनिक शस्त्रक्रियेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला. माक्स निट्झ यांच्या मूत्राशयदर्शकामुळे (१८७७) पोट न उघडता मूत्राशयाचे अंतरंग पाहणे शक्य झाले. बार्डेनहॉयर यांनी १८८७ मध्ये संपूर्ण मूत्राशय काढला; तथापि रुग्ण वाचला नाही. ह्यू यंग यांनी १९०४ मध्ये बॉल्टिमोर येथे कर्करोगग्रस्त अष्ठीला ग्रंथी समूळ काढली, तर एडविन बीअर यांनी १९१० मध्ये मूत्राशयदर्शकातून विद्युत् प्रवाह नेऊन मूत्राशयातील अर्बुदे जाळली.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्या वेळी हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे, तर हिंगोलीला अधिक जवळचे १९८८ मध्ये नांदेड येथे निघाले. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला.

रुग्णालयाचे अंतर या रोगात विशेष महत्त्वाचे ठरते. मूत्राशयाच्या अर्बुदाचे पहिले लक्षण बहुधा वेदनारहित रक्तमूत्रता हे असते. रक्त आपोआप थांबते आणि रुग्ण दूरचा प्रवास पुढे ढकलतो. अर्बुद अस्तरापुरते असताना ते मूत्रमार्गातून खरवडून काढता येते. स्नायूत उतरल्यावर मात्र पुष्कळदा मूत्राशयच काढावा लागतो.