कळ, क्रमांक आणि अक्षर : कळफलकाच्या नकाशाचा इतिहास आणि गडचिरोलीच्या पाच भाषा

मंडळी, आज आपण ज्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत ती बहुतेकांना इतिहास वाटतच नाही. आपण कळ दाबतो, पडद्यावर अक्षर उमटतं, आणि ती कळ त्या अक्षराचीच आहे असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं. कळीला अक्षर माहीत नसतं, तिच्याकडे फक्त एक क्रमांक असतो. लिनक्सवर ‘के’ची कळ दाबली की यंत्राचा गाभा 37 हा आकडा पुढे पाठवतो. पडदा सांभाळणारा एक्स सर्व्हर जुन्या रिवाजाप्रमाणे त्यात 8 मिळवून 45 करतो. त्या 45 चा ‘के’ करायचा की ‘क’, हे ठरवतो तो नकाशा. आणि नकाशा कुणीतरी बसून लिहिलेला असतो.

एक्स ही प्रणाली 1984 मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती 1987 ची. तेव्हा नकाशा बदलायला एक्समॉडमॅप नावाचं छोटं साधन होतं. ‘अमुक क्रमांकाला तमुक चिन्ह द्या’ एवढंच ते ऐकायचं. मधेच कुणी सगळा नकाशा नव्याने चढवला, की आपण केलेला बदल गेला! शिवाय एकाच यंत्रावर दोन-तीन लिप्या चालवायच्या तर त्याचं कामच नव्हतं ते. म्हणून नव्वदच्या दशकात एक्सकेबी ही जोड आली आणि 1996 मध्ये ती प्रमाण झाली. तिनं दोन कल्पना दिल्या. एक म्हणजे पातळी : नुसती कळ, शिफ्टसह कळ, उजव्या आल्टसह कळ. दुसरी म्हणजे गट : एक गट इंग्रजीचा, एक मराठीचा, असे. हे गट जास्तीत जास्त चार. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इकडे भारतात काय चाललं होतं? आपल्या टंकलेखकांचे हात रेमिंग्टन पद्धतीवर तयार झालेले. त्या यंत्रात अर्धं अक्षर आधी आणि काना मारून ते पुरं करायचं; आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा पास झालेला कारकून हेच बोटांत घेऊन तहसीलमध्ये बसायचा. दुसऱ्या बाजूला आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्रज्ञान उभं केलं, जे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं 1986 मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला आणि 1991 च्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 13194 मध्ये, तो आला. त्यात वेलांटी कुठे दिसते याला महत्त्व नाही. ‘कि’ म्हणताना आधी क येतो, मग इकार, म्हणून कळाही त्याच क्रमाने.

आमच्या मते इथंच खरा तिढा आहे, आणि तो अनेकदा ‘जुन्या लोकांना नवं नको असतं’ म्हणून उडवून लावला जातो. एक्सच्या नकाशात एका खाचेत एकच चिन्ह बसतं. दाबली कळ, निघालं चिन्ह. मागेपुढे करायची सोयच नाही. इनस्क्रिप्ट या साच्यात जवळपास नीट बसतो. रेमिंग्टन बसत नाही, कारण आधी टंकलेली वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनाच्या मागे नेऊन ठेवावी लागते. त्यासाठी सर्व्हरच्या वर आयबससारखी वेगळी व्यवस्था लागते, जी कळा थोडा वेळ धरून ठेवते आणि क्रम लावून पुढे सोडते. म्हणजे कारकुनाचा हट्ट आणि यंत्राचा हट्ट, दोन्ही खरे होते. फक्त यंत्राचा हट्ट ‘मानक’ म्हणवला गेला. इनस्क्रिप्टमध्येही शिफ्ट-5 ला ज्ञ किंवा शिफ्ट-7 ला क्ष आहे; पण ही जोडाक्षरं तीन-तीन चिन्हांची, म्हणून तीही त्या एका खाचेत मावत नाहीत.

आता नकाशाची फाइल उघडून बघू या. भारताच्या फाइलीत ‘के’च्या कळीला नाव आहे ‘एसी 08’, म्हणजे तिसऱ्या ओळीतली आठवी कळ. तिच्यासमोर कंसात दोन नोंदी : यू 0915 आणि यू 0916. क आणि ख. बस्स, एवढंच. साधा मजकूर आहे, कुणीही वाचावा, कुणीही बदलावा. याच फाइलीत मराठीचा एक उच्चारानुसारी नकाशा आहे, त्याच्या नावात ‘कगप’ आहे. हे कगप म्हणजे कन्नड गणक परिषद! आपल्या नकाशावर शेजाऱ्याचं नाव. सीमाप्रश्नावर भांडणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

मराठीपुरतं बोलायचं तर एक शिफ्ट किती मोलाची आहे बघा. ‘दर्या’ लिहायला इनस्क्रिप्टमध्ये ओ, जे, डी, तिरपी रेघ आणि ई. ‘दऱ्या’ लिहायला हेच सगळं, फक्त जे शिफ्टसह. समुद्र आणि डोंगराची घळ यांत एका शिफ्टचं अंतर. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही तेच. हा ऱ नकाशात पहिल्यापासून होता. ‘ॲ’चं तसं झालं नाही. युनिकोडमध्ये तो 2008 च्या 5.1 आवृत्तीत आला, आणि इनस्क्रिप्टची सुधारित आवृत्ती भारतीय मानक व्हायला 2016 उजाडलं.

आता आपल्या जिल्ह्यात या. 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली हा राज्याच्या नकाशावर मराठी जिल्हा. पण सिरोंच्यात तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात फाळणीनंतर आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती, भामरागडकडे माडिया, आणि सगळीकडे गोंडी. इनस्क्रिप्टचं एक कौतुक इथं करायलाच हवं. मराठीचा क जिथं, तिथंच तेलुगूचा क आणि तिथंच बंगालीचाही. एका लिपीत हात बसला की दुसरीत नव्यानं शिकावं लागत नाही. सिरोंच्याच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराला याचा जितका उपयोग, तितका पुण्या-मुंबईत कुणाला नसेल.

आता मोजा. इंग्रजी, मराठी, तेलुगू, बंगाली. चार गट भरले. गोंडी कुठं बसवायची?

देवनागरीत लिहिली तर प्रश्न नाही, मराठीचाच गट चालतो. महाराष्ट्रात बरीच गोंडी तशीच लिहिली जाते. पण गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत. एक मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली, बालाघाटकडची. दुसरी, आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांतून पुढे आलेली. मसराम गोंडी युनिकोडमध्ये 2017 ला आली, गुंजाळा गोंडी 2018 ला. म्हणजे देवनागरीनंतर पाव शतकाहून जास्त काळानं. आणि युनिकोडमध्ये जागा मिळाली म्हणजे कळ मिळाली असं नाही. फॉन्ट लागतो, नकाशा लागतो, आणि कुठलं अक्षर कुठं हे ठरवायला ती भाषा बोलणारी माणसं लागतात.

हा प्रश्न हौसेचा नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिथल्या मुलाला उद्या संगणकावर आपलं गाव आपल्या लिपीत लिहायचं असेल तर चारातली एक भाषा बाहेर काढावी लागेल. कुठली काढायची? बहुतेक बंगाली किंवा तेलुगू निघेल, कारण शाळेतल्या यंत्रावर इंग्रजी-मराठी हटणार नाही. पण मुलचेऱ्याच्या शाळेत हे उत्तर चालणार नाही.

तांत्रिकदृष्ट्या वाट आहे. एक्सची जागा आता वेलँड घेत आहे, पण कळांचे नकाशे लिहिण्याची पद्धत तीच राहिली आहे. आणि 2020 पासून स्वतःचा नकाशा स्वतःच्या घरच्या फोल्डरात ठेवता येतो, त्यासाठी यंत्राच्या मालकाची परवानगी लागत नाही. सहा-सात डझन ओळींचं काम आहे. क ‘एसी 08’वरच ठेवायचा, म्हणजे मराठी येणाऱ्या पोराचा हात चुकणार नाही, की गोंडी वर्णांच्या आपल्या क्रमानं सगळी मांडणी नव्यानं करायची, हे मात्र आम्ही या व्यासपीठावरून ठरवू नये. ते धानोऱ्यात, एटापल्लीत, भामरागडात बसून ठरायला हवं, आणि तेही पहिलं पोर चुकीच्या कळांवर हात बसवायच्या आत.