कौटुंबिक मध्यस्थी : कालावधी

पतिपत्नीतील किंवा नातेवाइकांतील वाद निःपक्ष मध्यस्थाच्या मदतीने, दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटवण्यास लागणारा काळ. मध्यस्थ निकाल देत नाही, त्यामुळे हा काळ मुख्यतः पक्षकारांच्या तयारीवर ठरतो. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा व स्त्रीधन यांसंबंधीच्या प्रकरणांत तो साधारणपणे दोन-तीन महिन्यांचा असतो. त्यात समोरासमोर बसण्याचे तास मात्र मोजकेच.

कायद्याने मुदत घातली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम 89 हे 1 जुलै 2002 पासून लागू झाले आणि त्याखालील मध्यस्थी नियमांत 60 दिवस व न्यायालयाने परवानगी दिल्यास आणखी 30 दिवस अशी मर्यादा आली. मध्यस्थी अधिनियम, 2023 मध्ये ही मुदत 120 दिवस असून उभय पक्ष राजी असल्यास ती 60 दिवसांनी वाढते. मध्यस्थासमोर पहिल्या हजेरीची जी तारीख ठरते, तेथून दिवस मोजतात. 2021 साली राज्यसभेत मांडलेल्या विधेयकात 180 दिवस आणि तितकीच वाढ सुचवली होती. ती कमी झाली हे योग्यच झाले. पोटगीवर घर चालवणाऱ्या बाईला वर्षभर थांबायला लावणे अन्यायाचे ठरले असते. अधिनियमाची कलमे 9 ऑक्टोबर 2023 पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

कुटुंब न्यायालयातील समुपदेशन ही याहून वेगळी पायरी आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 9 नुसार समेटासाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असून, समेटाची शक्यता दिसल्यास न्यायाधीश कामकाज पुढे ढकलू शकतात. त्यासाठी दिवसांची मर्यादा दिलेली नाही. प्रकरण आधी विवाह समुपदेशकाकडे आणि नंतर मध्यस्थाकडे गेले, तर पक्षकारांना सगळे मिळून एकच लांबलेले प्रकरण वाटते आणि मध्यस्थीला जास्त वेळ लागल्याची तक्रार होते.

एक बैठक बहुधा तास-दीड तास चालते. सुरुवातीला दोघे एकत्र बसतात, मग मध्यस्थ प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो. दोन बैठकांत आठवड्या-पंधरवड्याचे अंतर असते आणि खरा काळ जातो तो या अंतरांत. पगाराच्या पावत्या व बँकेचे उतारे आणायचे असतात, माहेरच्या दागिन्यांची यादी जुळवायची असते, फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचाही होकार मिळवायचा असतो. मुलांच्या भेटीचे वेळापत्रक ठरवताना तर घाई करूच नये. काही शनिवार-रविवार किंवा दिवाळीची सुट्टी ठरल्याप्रमाणे पार पडते का, मूल दुसऱ्या घरी रुळते का, हे पाहून मग कन्सेंट टर्म्सवर (समझोत्याच्या लेखी अटींवर) सह्या केलेल्या बऱ्या. एका दुपारीत उरकलेली कलमे पुढे शाळेची फी किंवा गणपतीची सुट्टी आली की पुन्हा न्यायालयात येतात.

मध्यस्थी निष्फळ ठरते तेव्हा ती बहुधा लवकर संपते. एक पक्ष हजरच राहत नाही, किंवा दुसऱ्या बैठकीतच मार्ग नसल्याचे स्पष्ट होते. अशा वेळी मध्यस्थ न्यायालयाला फक्त समझोता झाला नाही एवढे कळवतो. आत झालेले बोलणे गोपनीय राहते. मारहाणीच्या धास्तीत असलेल्या स्त्रीला समोरासमोर बसवून दिवस भरणे चुकीचे आहे. तिथे संरक्षणाचा आदेश आधी हवा. मध्यस्थी चालू आहे या सबबीखाली अंतरिम पोटगीही थांबू नये.

समझोत्यानंतरही काळ लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब नुसार परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट माफ करता येते असे ठरवले. मात्र दीर्घकाळ वेगळे राहणे, समेटाचे प्रयत्न संपणे आणि पोटगी, ताबा आदी प्रश्न खरोखर मिटणे आवश्यक आहे. म्हणजे नीट पार पडलेली मध्यस्थी हे महिने वाचवू शकते. छळाची फौजदारी तक्रार (पूर्वीचे कलम 498अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 85) दाखल असेल, तर ती रद्द करून घेण्यासाठी सहसा उच्च न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो. रक्कम हप्त्यांनी द्यायची ठरली असल्यास शेवटचा हप्ता या टप्प्याशी जोडण्याची पद्धत आहे.

भावाबहिणींच्या वाटणीत माणसे अधिक, म्हणून काळही अधिक. वारसनोंद, सातबारा, मोजणी यांवाचून बोलणी पुढे सरकत नाहीत. परगावी किंवा परदेशी असलेल्या वारसाला आता ऑनलाइन सहभागी होता येते, कारण 2023 च्या अधिनियमाने तशा मध्यस्थीला मान्यता दिली आहे.