पाहुण्या संदेष्ट्याची पारख

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या दोन शतकांत मंडळीची उपासना कुणातरी विश्वासणाऱ्याच्या घरी होत असे. शिकवण देणारे प्रेषित, संदेष्टे आणि शिक्षक गावोगाव फिरत. त्यांना उतरवून घेणे आणि जेवूखाऊ घालणे हे मंडळीचे कर्तव्य मानले जाई. भोंदू शिक्षक शिरत तेही याच दारातून. मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांपासून जपण्याचा इशारा मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. योहानाचे पहिले पत्र आत्म्यांची पारख करायला सांगते, तर दुसरे पत्र खोटी शिकवण आणणाऱ्याला घरातही घेऊ नका म्हणते. ही पारख करायची कशी, याचे रोजच्या व्यवहारातले नियम मात्र ‘दिदाखे’ या छोट्या ग्रीक पुस्तिकेत सापडतात.

ही पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानली जाते. तिची 1056 मध्ये उतरवलेली प्रत फिलोथिओस ब्रायेनिओस यांना 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात मिळाली आणि 1883 मध्ये ती छापली गेली. तिच्या नियमानुसार आलेल्या प्रेषिताचे स्वागत प्रभूसारखे करावे, पण त्याने एकच दिवस राहावे, गरज असल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. त्याने पैसे मागितले, तरी तो खोटाच. अंगात आल्याप्रमाणे बोलताना ताट वाढायला सांगून स्वतःच जेवायला बसणाराही खोटा. दुसऱ्या गरजवंतासाठी कुणी मागितले, तर मात्र त्याला दोष देऊ नये. गावात स्थायिक व्हायचे असेल, तर पाहुण्याने हातच्या कसबावर पोट भरावे. काम टाळून ख्रिस्ताच्या नावावर जगणाऱ्याला पुस्तिका ख्रिस्ताचा व्यापारी ठरवते. खऱ्या संदेष्ट्याला मात्र द्राक्षारसाचा, खळ्याचा आणि गुराढोरांचा पहिला वाटा मिळे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात खोटा संदेष्टा खुर्चीवर बसलेला दिसतो आणि त्याला भविष्य विचारणारे बाकावर. तो कोपऱ्यात, पैसे घेऊन बोलतो. भक्तांच्या भरल्या सभेत त्याची वाचा बसते.

या पाहुणचाराची चर्चा बाहेरही होती. समोसाटाच्या लुशियन या उपहासकाराने पेरेग्रिनसची कथा सांगितली आहे. हा तत्त्वज्ञ ख्रिस्ती मंडळ्यांत पुढारी झाला आणि तुरुंगात पडला. तेव्हा आशियातल्या शहरांतून सामायिक खर्चाने माणसे त्याच्या मदतीला आली आणि तो चांगलाच पैसा गाठीला बांधून बसला, असे लुशियन लिहितो. पुढे 165 मध्ये पेरेग्रिनसने ऑलिंपियाला स्वतःला जाळून घेतले.

सुमारे 180 मध्ये ल्योंचे बिशप इरेनियस यांनी पाखंडी मतांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात मार्कस नावाच्या शिक्षकाची हातचलाखी आहे. तो प्रार्थना लांबवत नेई आणि पेल्यातले पेय लालजांभळे दिसू लागे. लहान पेल्यातून मोठा पेला भरून वाहवून दाखवी. त्याचा डोळा श्रीमंत स्त्रियांवर असे. आशियातल्या एका डीकनने त्याला घरी उतरवले आणि डीकनची पत्नीच त्याच्या नादी लागून त्याच्याबरोबर फिरू लागली. बांधवांनी मोठ्या प्रयासाने तिला परत आणले. इरेनियस यांचा उपाय निराळा होता: प्रेषितांपासून बिशपांच्या परंपरेने उघडपणे चालत आलेल्या शिकवणीशी प्रत्येक शिकवण ताडून पाहायची. त्यामुळे पाहुण्याच्या वागण्याबरोबर त्याची शिकवण कुठून आली, हेही पाहिले जाऊ लागले.

पण बिशपच बिघडला तर? अंत्युखियाचा बिशप, समोसाटाचा पौल याला 268 च्या सुमारास बिशपांच्या सभेने शिकवणीच्या कारणावरून पदच्युत केले. अचानक आलेली श्रीमंती आणि स्वतःसाठी उभारलेले उंच आसन यांचाही ठपका त्याच्यावर होता. तो चर्चची वास्तू सोडीना, म्हणून वाद सम्राट ऑरेलियनपुढे गेला. इटलीतले आणि रोमचे बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतील, त्यांना वास्तू मिळावी, असा निकाल त्याने दिला.

शिफारसपत्रांची चाल पौल प्रेषिताच्या काळीही होती. करिंथकरांना लिहिताना त्याने तिचा उल्लेख केला आहे. चौथ्या शतकापर्यंत तिचा नियम झाला आणि अंत्युखियाच्या एका धर्मसभेने पत्राशिवाय आलेल्या परक्याला स्वीकारायला मनाई केली. 451 च्या काल्सेदोन धर्मसभेच्या तेराव्या नियमाने, आपल्या बिशपचे शिफारसपत्र नसलेल्या परगावच्या धर्मसेवकाला सेवाकार्य करण्यास बंदी घातली. मुक्कामाचे दिवस मोजणारा यजमान मागे पडला. परक्याची पारख आता त्याच्या बिशपच्या पत्रावरून होऊ लागली.