तंबाखूचा ‘अभ्यास’

निपाणीत मामाच्या घरामागे तंबाखूची वखार होती. तिथल्या एका कानडी हमालाला मी शाळकरी वयात विचारलं होतं, “तुम्ही तंबाखू खाता?” तो म्हणाला, “हां, अभ्यास हाय की!” मी पोट धरून हसलो. अभ्यास म्हणजे गणिताची वही, एवढंच मला ठाऊक. कानडीत तो शब्द सवयीलाही चालतो, हे फार उशिरा कळलं.

पुढे संस्कृत धातू चाळताना त्या हसण्याची लाज वाटली. ‘अस्’ म्हणजे फेकणे. त्याला ‘अभि’ लागला की एकाच दिशेनं पुन्हापुन्हा फेकणे, तो अभ्यास. ‘वि’ लागला की दूर, अस्ताव्यस्त फेकणे, ते व्यसन. (हे ‘अस्ताव्यस्त’ही त्याच घरातलं.) म्हणजे दोघं सख्खी भावंडं! कौटिल्यानं अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांना दिलं. त्यात राजाचा जुगार आणि मद्यपान आहे, तशा राज्यावरच्या आपत्तीही आहेत. माणसाला त्याच्या हितापासून फेकून देतं ते व्यसन, अशी त्याची फोड. कानडीत ‘व्यसन’ अजून दुःखालाही म्हणतात. आणि ‘हव्यास’? तोही अभ्यासाचाच बिघडलेला अवतार असावा. पण कानडीत तो साधा छंद, आपल्याकडे मात्र न शमणारी हाव. निपाणीकडच्या वेदगंगेच्या या टापूत एकच शब्द दोन घरी दोन स्वभावांनी नांदतो.

‘तलफ’ वेगळ्या गावची. अरबी ‘तलब’, म्हणजे मागणी, बोलावणं. ‘मतलब’ त्याच कुळातला. जुन्या दफ्तरांत तलब आली की हजर व्हावंच लागे. तंबाखूची तलफ आलेल्या माणसाकडे पाहा, तोही असाच उठून जातो.

या बोलावण्याला न उठता नुसतं बसून राहायचं, असा एक उपाय व्यसनमुक्तीत आला आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी तलफेला लाट मानून ती चढताना-उतरताना पाहायला शिकवलं. 2014 साली 286 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरानंतर ही साधना शिकलेल्या गटाचे नशेचे दिवस इतर गटांपेक्षा कमी भरले. या साधनेचं इंग्रजी नाव ‘माइंडफुलनेस’. मूळ पाली शब्द ‘सति’, म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. र्‍हिस डेव्हिड्स या पालीच्या पंडितानं 1881 मध्ये ‘सति’ला ते इंग्रजी नाव दिलं, आणि आपण ‘सजगता’ म्हणून ते परत आणलं. मला ‘सजगता’ जरा इस्त्रीची वाटते. स्मृतीपासून प्राकृतात ‘सइ’ झालं आणि मराठीत ‘सय’. माहेरची सय येते, ती हीच. भरकटलेल्याला स्वतःची सय येणं, याहून नेमकं काय म्हणणार?

निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर अनिल अवचटांनी लिहिलं. पुढे 1986 मध्ये त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्यांपासून नशेत अडकलेल्यांपर्यंतची ही वाट मला तरी सरळ वाटते.

मामानं साठीत तंबाखू सोडली. चंची मामीनं कपाटात कुलपात टाकली. पण बोलता बोलता त्याचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरायला लागतो, मग दोन बोटांनी थाप, मग चिमूट ओठाकडे. चिमटीत काही नसतं. पहिले काही महिने ती पार तोंडापर्यंत जायची. आता निम्म्या वाटेत हात थांबतो. परवा बोलणं अर्ध्यावर टाकून तो आपल्याच हाताकडे बघत राहिला.

“बघ, मळतोय की रं मी,” म्हणाला आणि तळवा गुडघ्यावर पालथा घातला. थोड्या वेळानं अंगठा परत हलला.